वेब-नकाशावर जमिनीचे क्षेत्र मोजताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि हुक्केरी या भागांतील शेतकरी, ठिबकचे काम घेणारे कारागीर आणि प्रकल्पासाठी नकाशे काढणारे विद्यार्थी यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न प्राथमिक आहेत आणि अडचणीचे अपवाद पुढे आहेत. जेथे एक उत्तर दुसऱ्यावर अवलंबून आहे, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. नकाशावर शेताभोवती रेघ मारली की आकडा दिसतो. तो नेमका कशाचा असतो?

तो फक्त आपण टिचकी मारलेल्या बिंदूंना जोडणाऱ्या बंद आकृतीचा असतो. सॉफ्टवेअरला चित्रातला बांध, ओढा किंवा हद्दीचा दगड ओळखता येत नाही. त्याला केवळ प्रत्येक बिंदूचा अक्षांश आणि रेखांश कळतो. संगणकावरील गुगल मॅप्समध्ये नकाशावर माउसची उजवी कळ दाबून अंतर मोजण्याचा पर्याय घेतला आणि शेवटचा बिंदू पहिल्या बिंदूवर आणून टेकवला, की आकृती बंद होते आणि लांबीसोबत क्षेत्रफळही दिसू लागते. गुगल अर्थ आणि इस्रोचे भुवन यांवरही अशीच सोय आहे.

२. चौरस मीटरचे एकर, गुंठे आणि आणे कसे करायचे?

३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा म्हणजे एक गुंठा, अर्थात १,०८९ चौरस फूट किंवा १०१.१७ चौरस मीटर. चाळीस गुंठ्यांचा एक एकर होतो आणि तो ४,०४६.८६ चौरस मीटर भरतो. कर्नाटकातील उताऱ्यावर गुंठ्याचे पुढे सोळा आणे धरतात, म्हणजे एक आणा सुमारे ६.३२ चौरस मीटर. सॉफ्टवेअरने दिलेल्या चौरस मीटरना १०१.१७ ने भागावे, येणाऱ्या पूर्ण गुंठ्यांतून चाळीस-चाळीसचे एकर वेगळे काढावेत आणि दशांशात उरलेल्या भागाला सोळाने गुणून आणे काढावेत.

३. सॉफ्टवेअर २.१५ एकर दाखवते आणि उताऱ्यावरही २-१५ आहे. म्हणजे क्षेत्र जुळले ना?

नाही, आणि हा गैरसमज फार नुकसान करणारा आहे. उताऱ्यावरील २-१५ म्हणजे दोन एकर पंधरा गुंठे, जे दशांशात २.३७५ एकर होतात. सॉफ्टवेअरचे २.१५ एकर म्हणजे दोन एकर सहा गुंठे, कारण ०.१५ ला चाळीसने गुणले की सहा येतात. आकडे दिसायला सारखे असले तरी त्यांत तब्बल नऊ गुंठ्यांचे अंतर आहे. उताऱ्याशी तुलना करताना सॉफ्टवेअरमध्ये एकक चौरस मीटर ठेवावे आणि गुंठे स्वतः काढावेत, असा माझा आग्रह राहील.

४. आमचे थोडे रान पलीकडे चंदगड तालुक्यात आहे. तेथील सातबारा आणि इकडचा उतारा यांची बेरीज कशी करावी?

महाराष्ट्रातील सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर अशा क्रमाने लिहिलेले असते. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, आणि गुंठा त्याहून किंचित मोठा आहे. त्यामुळे ८० आर म्हणजे सरळ दोन एकर असे तोंडी हिशेबात धरले जाते, ते जवळपास एका गुंठ्याने चुकते. खरे उत्तर एक एकर एकोणचाळीस गुंठे एक आणा असे आहे. दोन्हीकडील क्षेत्र आधी चौरस मीटरमध्ये आणावे, बेरीज करावी आणि मगच हव्या त्या एककात लिहावी.

५. एकाच शेताचे क्षेत्र एका ठिकाणी एक एकर चार गुंठे आणि दुसऱ्या ठिकाणी एक एकर आठ गुंठे येते. बिंदू तेच आहेत. चूक कोणाची?

जवळजवळ निश्चितपणे दुसऱ्या ठिकाणी वेब मर्केटर प्रक्षेपणातच क्षेत्र मोजले गेले आहे. प्रक्षेपण म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवण्याची पद्धत. वेबवरील बहुतेक नकाशे याच, म्हणजे प्रक्षेपणांच्या ईपीएसजी या यादीतील ३८५७ क्रमांकाच्या, प्रक्षेपणात दाखवले जातात. विषुववृत्तापासून जसजसे दूर जावे तसतशी या प्रक्षेपणात जमीन फुगत जाते. लांबी साधारणपणे अक्षांशाच्या कोज्येच्या व्यस्त प्रमाणात वाढते, तर क्षेत्रफळ त्याच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. बेळगाव शहर १५.८५ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहे, तेथे कोज्येचा वर्ग ०.९२५ येतो. पृथ्वीचा चपटेपणाही हिशेबात घेतला तर वेब मर्केटरमधील क्षेत्र खऱ्या क्षेत्रापेक्षा सुमारे साडेआठ टक्क्यांनी जास्त दिसते. बिदरकडच्या मराठी गावांत, सुमारे १७.९ अंशांवर, हीच वाढ ११ टक्क्यांपर्यंत जाते.

सुमारे १३,४०० चौरस किलोमीटरचा आपला जिल्हा असा मोजला तर तो हजाराहून अधिक चौरस किलोमीटरनी मोठा निघेल. तयार मोजणी-साधनांत हा दोष सहसा नसतो. स्वतः संकेतस्थळ बनवताना नकाशाच्या आकृतीवर थेट प्रतलीय सूत्र लावले, की तो येतो. जुना हिशेब तातडीने दुरुस्त करायचा असल्यास बेळगाव परिसरातील आकड्याला ०.९२ ने गुणावे, पण हा तात्पुरता उपाय आहे. कायमचा उपाय पुढील प्रश्नात आहे.

६. मग क्षेत्र मोजण्यासाठी कोणते प्रक्षेपण घ्यावे?

यूटीएम, म्हणजे पृथ्वीचे उभे पट्टे पाडून मीटरमध्ये आकडे देणारे प्रक्षेपण, याचा ४३ उत्तर हा पट्टा घ्यावा; त्याचा क्रमांक ईपीएसजी ३२६४३ आहे. हा पट्टा ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांशांमध्ये येतो आणि त्याचा मध्यवर्ती रेखांश ७५ अंश आहे, म्हणजे तो आपल्याच जिल्ह्यातून, अथणीच्या जवळून जातो. त्यामुळे बेळगावजवळ यूटीएममधील क्षेत्र खऱ्यापेक्षा केवळ ०.०७ टक्क्याच्या आसपास कमी येते. एकरामागे हा फरक अर्ध्या आण्याचा आहे. बिदर याच पट्ट्याच्या कडेकडे असल्यामुळे तेथे ते सुमारे ०.१ टक्क्याने जास्त येते. शेताच्या मोजणीत दोन्ही फरक सोडून द्यावेत.

दुसरा तितकाच चांगला मार्ग म्हणजे प्रक्षेपण न करता लंबगोल पृथ्वीवरच भूपृष्ठीय क्षेत्रफळ काढणे. पोस्टजीआयएस हा नकाशांचा डेटाबेस वापरणाऱ्यांनी ‘जिऑमेट्री’ऐवजी ‘जिऑग्राफी’ प्रकारावर क्षेत्रफळाचे फंक्शन चालवले की हेच मिळते.

७. प्रक्षेपण बरोबर घेतले, तरी दोन साधनांत एकरामागे तीन-चार आण्यांचा फरक उरतो. तो कशाचा?

सॉफ्टवेअरमध्ये वापरले जाणारे काही तयार कोड-संच (लायब्ररी) पृथ्वी पूर्ण गोल मानतात. विषुववृत्तीय त्रिज्या, म्हणजे ६३,७८,१३७ मीटर, घेऊन गोलावर क्षेत्र काढले तर आपल्या अक्षांशावर ते सुमारे ०.५७ टक्क्याने जास्त येते, आणि सरासरी त्रिज्या घेतली तर सुमारे ०.३५ टक्क्याने. पहिल्या पद्धतीत एकराला साडेतीन आण्यांहून थोडे अधिक आणि दुसरीत सव्वादोन आणे वाढतात. बियाणे किंवा खताच्या हिशेबासाठी हा फरक अगदीच किरकोळ आहे. अहवालात मात्र कोणती पद्धत वापरली हे एका ओळीत लिहावे, म्हणजे पुढे दुसऱ्याने तपासताना घोळ होणार नाही.

८. क्षेत्रफळ ०.०००००००३४ किंवा तसलेच काहीतरी आले आहे. शेत तर एक एकराचे आहे.

येथे दोन गोष्टी तपासाव्यात. क्षेत्र अंशांच्या वर्गात निघाले असेल, तर एका एकराचे आपल्याकडे सुमारे ०.००००००३४ इतके छोटे उत्तर येते. शून्यांची संख्या इथेच काळजीपूर्वक मोजावी, कारण कागदावर उतरवताना एखादे शून्य नेहमी वाढते किंवा गळते, आणि प्रश्नात आलेल्या आकड्यात तसे एक शून्य जास्त आहे. अंशांच्या वर्गाला कोणत्याही ठरावीक संख्येने गुणून चौरस मीटर करू नयेत. निर्देशक, म्हणजे बिंदूंचे अक्षांश-रेखांश, यूटीएममध्ये रूपांतरित करावेत.

दुसरी शक्यता अक्षांश-रेखांशांच्या अदलाबदलीची आहे. जिओजेसन या नकाशा-फाइलच्या प्रकारात आधी रेखांश आणि मग अक्षांश लिहितात, तर बोलताना आपण उलट क्रम वापरतो. अदलाबदल झाली तर बेळगावचे शेत नॉर्वेच्या उत्तरेकडील समुद्रात, बेअर आयलंडच्या पश्चिमेला जाऊन पडते आणि त्याचे क्षेत्र मूळच्या सुमारे २८ टक्केच भरते. हे उत्तर चौरस मीटरमध्ये व दिसायला बऱ्यापैकी शक्य वाटणारे असते, म्हणून ते अधिक धोक्याचे आहे. बहुभुज नकाशावर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आकडा वापरू नये.

९. कोपऱ्यांचे निर्देशक हाताशी आहेत. सॉफ्टवेअरचा आकडा कागदावर पडताळता येईल का?

अवश्य येईल, आणि एकदा तरी तो स्वतः पडताळावा. यूटीएम निर्देशकांतून पहिल्या कोपऱ्याचे आकडे वजा केल्यावर चार कोपरे मीटरमध्ये, आधी पूर्व-आकडा आणि मग उत्तर-आकडा या क्रमाने, असे आले, असे समजा : (०, ०), (८०, ५), (७६, ६२) आणि (−३, ५५). प्रत्येक कोपऱ्याचा पूर्व-आकडा पुढच्या कोपऱ्याच्या उत्तर-आकड्याने गुणावा आणि त्यातून पुढच्याचा पूर्व-आकडा गुणिले या कोपऱ्याचा उत्तर-आकडा वजा करावा. पहिल्या आणि शेवटच्या बाजूला शून्य येते. दुसऱ्या बाजूला ८० × ६२ − ७६ × ५ = ४,५८० आणि तिसऱ्या बाजूला ७६ × ५५ + ३ × ६२ = ४,३६६ येतात. बेरीज ८,९४६, तिची निम्मी ४,४७३ चौरस मीटर. प्रश्न २ प्रमाणे हे एक एकर चार गुंठे आणि जवळपास साडेतीन आणे होतात. प्रश्न ५ मधील शेत हेच आहे. वेब मर्केटरमध्ये ते सुमारे ४,८६० चौरस मीटर, म्हणजे एक एकर आठ गुंठे दिसते.

१०. चारही कोपरे बरोबर आहेत, तरी क्षेत्र एक गुंठाही भरत नाही. कधी कधी ऋण उत्तर येते. असे का?

कोपऱ्यांचा क्रम चुकला आहे. वरील उदाहरणातील दुसरा आणि तिसरा कोपरा आपसात बदलून पाहा. दोन बाजू एकमेकींना छेदतात, आकृती डमरूसारखी होते, तिचे दोन अर्धे विरुद्ध चिन्हांनी मोजले जाऊन एकमेकांतून वजा होतात आणि ४,४७३ ऐवजी फक्त ८२.५ चौरस मीटर उरतात. वहीत कोपरे उतरवताना बांधाच्या कडेने फिरत गेले तर हे होत नाही. आधी रस्त्याकडचे दोन आणि मग मागचे दोन असे डावीकडून उजवीकडे लिहिले, की हमखास होते.

ऋण उत्तराचा अर्थ एवढाच, की बिंदू घड्याळाच्या काट्याच्या दिशेने घेतले आहेत. तेथे चिन्ह सोडून द्यावे.

११. शेतातली विहीर आणि घर क्षेत्रातून वगळायचे आहे.

बाहेरची हद्द हे एक कडे आणि वगळायचा भाग हे त्याच्या आतले दुसरे कडे, असे एकाच बहुभुजात नोंदवावे. २०१६ च्या जिओजेसन मानकानुसार बाहेरचे कडे घड्याळाच्या उलट दिशेने आणि आतले घड्याळाच्या दिशेने लिहावे. विहीर वेगळा बहुभुज म्हणून वरून काढली तर ती वजा न होता दोनदा मोजली जाते.

१२. उपग्रह-चित्रावर रेघ थोडी इकडेतिकडे झाली तर किती फरक पडतो?

या सर्व प्रश्नांत मला हाच सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण सूत्र आणि प्रक्षेपण एकदा ठीक केले की उरलेली जवळजवळ सगळी चूक रेघेतूनच येते. एक एकराचे चौरस शेत घेतले तर त्याची बाजू ६३.६ मीटर आणि परिमिती सुमारे २५४ मीटर असते. रेघ चोहोबाजूंनी फक्त एक मीटर बाहेर गेली तर क्षेत्र अडीच गुंठ्यांनी, म्हणजे सहा टक्क्यांहून अधिक वाढते. हीच एक मीटरची चूक दहा एकरांच्या चौरस शेतात आठ गुंठे वाढवते, पण टक्केवारीत ती दोनच ठरते. याउलट दहा मीटर रुंद आणि चारशे मीटर लांब अशी पट्टी असेल, जशी भावाभावांच्या वाटणीनंतर आपल्याकडे सर्रास दिसते, तर एक एकराहून किंचित लहान असलेल्या त्या पट्टीत हीच चूक वीस टक्क्यांवर जाते.

म्हणून रेघ कोठे ओढायची हे आधी ठरवावे. सरबांध दोघांच्या सामाईक हद्दीवर असेल तर रेघ बांधाच्या मधोमध घ्यावी; पिकाखालचे क्षेत्र हवे असेल तर बांधाच्या आतल्या पायथ्याशी घ्यावी. दोन मीटर रुंदीच्या बांधावर या दोन रेघांत एक मीटरचे अंतर असते आणि त्याचा परिणाम वर दिलाच आहे. चित्राची तारीखही पाहावी. उभ्या उसात बांध झाकले जातात, आंबा-काजूच्या झाडांचा विस्तार शेजारच्या रानावर पसरलेला दिसतो आणि पावसाळ्यातील चित्रांत ढग असतात. ऊस तुटून गेल्यानंतरचे उन्हाळ्यातले चित्र मिळाले तर तेच वापरावे. गुगल अर्थमध्ये जुन्या तारखांची चित्रे पाहता येतात.

१३. मोबाईल हातात घेऊन बांधावरून चाललो तर अधिक अचूक येईल का?

मोकळ्या आकाशाखाली साध्या मोबाईलची चूक पाच मीटरपर्यंत असते आणि झाडीत ती वाढते. चारही कोपऱ्यांना दोन्ही दिशांत तीन-तीन मीटरचा स्वतंत्र दोष असला, तर एक एकराच्या चौरस शेतात पावणेतीन गुंठ्यांचा फरक सहज पडतो. चित्रावर बांध स्पष्ट दिसत असेल तर चित्रावरची रेघ बहुधा सरस ठरते. चित्र अस्पष्ट असेल तर चालत जाऊन सलग माग नोंदवण्यापेक्षा प्रत्येक कोपऱ्यावर थोडा वेळ थांबून स्थिर झालेला बिंदू घ्यावा. निर्देशक दशांशानंतर सहा स्थळांपर्यंत ठेवावेत. पाचवे स्थळ सुमारे एक मीटरचे आणि चौथे अकरा मीटरचे असते, त्यामुळे चार स्थळांवर तोडलेले निर्देशक शेताला निरुपयोगी आहेत.

१४. शहरातला तीस बाय चाळीसचा प्लॉट असा मोजता येईल का?

नाही. तो जेमतेम ९.१ बाय १२.२ मीटरचा असतो. तेथे टेपच वापरावी.

१५. कर्नाटक सरकारच्या दिशांक ॲपमधील सर्व्हे नंबरची हद्द आमच्या बांधावर बसत नाही, सरकलेली दिसते. क्षेत्रही चुकीचे समजावे का?

संपूर्ण आकृती एका दिशेने सारखीच सरकली असेल तर तिचे क्षेत्र बदलत नाही. आकार बिघडला असेल तर मात्र बदलते. दिशांकमधील हद्दी जुन्या गावनकाशांवरून उपग्रह-चित्रावर बसवलेल्या आहेत. १ : ७,९२० प्रमाणाच्या नकाशात अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर चार मीटर व्यापते, त्यामुळे असे सरकणे स्वाभाविक आहे. आपण कोणत्या सर्व्हे नंबरात उभे आहोत हे कळण्यासाठी दिशांक अतिशय उपयुक्त आहे, पण त्यावरून बांध हलवण्याचा विचार कोणीही करू नये. एकाच बहुभुजाचे काही कोपरे एका चित्रावरून आणि काही दुसऱ्यावरून घेऊ नयेत, कारण तेव्हा दोन्ही चित्रांतले सरकणे क्षेत्रात शिरते.

१६. कणकुंबी-जांबोटीकडे आमची जमीन उताराची आहे. नकाशा ती कमी दाखवतो का?

नकाशा आडव्या प्रतलावरचे क्षेत्र देतो. वीस अंशांच्या उतारावर प्रत्यक्ष पृष्ठभाग त्यापेक्षा सहा टक्क्यांहून थोडा अधिक असतो आणि तीस अंशांवर तो पंधरा टक्क्यांच्या वर जातो. परंतु सरकारी मोजणीही आडव्या अंतरांवरूनच होते, म्हणून उताऱ्याशी तुलना करताना नकाशातला आकडा जसाच्या तसा घ्यावा. कुंपणाची जाळी किंवा उतारावर अंथरायचे आच्छादन विकत घेताना मात्र वाढीव लांबी आणि पृष्ठभाग धरावा.

१७. नकाशावरचे क्षेत्र उताऱ्यावरील लागवडीच्या क्षेत्रापेक्षा नेहमी जास्त येते.

उताऱ्यातील खराब जमिनीचा रकाना पाहावा. लागवडीस अयोग्य भाग अ-खराबात आणि रस्ता, नाला यांसारख्या सार्वजनिक वापराचा भाग ब-खराबात नोंदलेला असतो, आणि एकूण क्षेत्रातून दोन्ही वजा होऊन उरलेले क्षेत्र पुढे लिहिले जाते. आपण हद्दीवरून काढलेल्या बहुभुजात हे सगळे आलेले असते, म्हणून तुलना एकूण क्षेत्राशी करावी. तरीही फरक मोठा असेल तर आकारबंदातील, म्हणजे मोजणी खात्याच्या सर्व्हे नंबरनिहाय नोंदवहीतील, क्षेत्र काढून पाहावे, कारण उतारा आणि आकारबंद यांतच विसंगती असण्याची उदाहरणे आहेत.

१८. मलप्रभेच्या काठची हद्द किंवा हिडकल जलाशयाचा काठ किती बिंदूंनी काढावा?

वळणाला अनुसरून जितके बिंदू लागतील तितके घ्यावेत. वळण बाहेर फुगलेले असेल तर कमी बिंदूंनी क्षेत्र कमी येते आणि आत वळलेले असेल तर जास्त. जलाशयाच्या बाबतीत चित्राची तारीख लिहिल्याशिवाय आकडा देऊ नये, कारण घटप्रभेवरील हिडकलचा पाणपसारा पावसाळ्याच्या शेवटी आणि मे महिन्यात अगदी वेगळा असतो.

१९. हा आकडा वाटणीपत्रात किंवा खरेदीखतात घालता येईल का?

येणार नाही. कर्नाटकात सर्व्हे नंबरातील काही भाग विकायचा असेल तर आधी मोजणी खात्याकडून ११ई नकाशा घ्यावा लागतो आणि त्यासाठीचा अर्ज मोजणी व्यवस्थेतून करता येतो. हद्दीचा वाद असेल तर हद्दबस्त मोजणीचाच आधार घ्यावा, जिच्यात मूळ टिपण आणि हद्दीचे दगड तपासले जातात. कागदपत्रे कन्नडमध्ये असतात, तेव्हा सही करण्यापूर्वी एकर, गुंठे आणि आणे यांचे रकाने जाणकाराकडून वाचून घ्यावेत आणि प्रश्न ३ मधील दशांशाचा गोंधळ झालेला नाही ना, हे पाहावे. आपण घरी काढलेला आकडा येथे एका कामासाठी नक्कीच उपयोगी आहे : मोजणीचा निकाल आणि आपला अंदाज यांत दहा-वीस टक्क्यांचा फरक आला, तर तो का आला हे मोजणीदाराला जागेवरच विचारता येते.

२०. पोटहिस्से स्वतंत्र काढले, पण त्यांची बेरीज मूळ सर्व्हे नंबरच्या क्षेत्राशी जुळत नाही.

शेजारच्या दोन हिश्श्यांची सामाईक रेघ दोनदा वेगवेगळी काढली गेली आहे. जेथे त्या एकमेकींवर चढल्या तेथील पट्टी दोनदा मोजली गेली आणि जेथे फट राहिली तेथील पट्टी कोणाच्याच हिश्श्यात आली नाही. शंभर मीटर लांबीच्या सामाईक बांधावर सरासरी एक मीटरची फट राहिली तर एक गुंठा गहाळ होतो. उपाय असा, की आधी मूळ सर्व्हे नंबरचा एकच बहुभुज काढावा आणि मग छेदण्याच्या साधनाने त्याचे भाग पाडावेत. तसे साधन नसेल तर बिंदू चिकटवण्याची, म्हणजे स्नॅपिंगची, सोय चालू करून दुसऱ्या हिश्श्याचे सामाईक कोपरे पहिल्याच्याच कोपऱ्यांवर टेकवावेत. सामाईक बांधाला मध्ये बाक असेल तर त्या बाकावरचा बिंदू दोन्ही हिश्श्यांत असलाच पाहिजे.